तिरळेपणाचं ऑपरेशन: लेक साडेसहा वर्षांची, डोळा पुन्हा बाहेर जातो का?

पवननगरची आई

नमस्कार. नाशिकमधल्या कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा. तारीख मिळाल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

माझी लेक साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत. तिचा उजवा डोळा मधूनच बाहेरच्या बाजूला जातो. कायम नाही. शाळेतून दमून आली, अंगात कणकण असली किंवा टीव्हीकडे एकटक बघत बसली की हमखास. हाक मारली की पापणी लवते आणि डोळा जागेवर येतो. स्कूटीवर पुढे उभी असताना ऊन आलं की उजवा डोळा घट्ट मिटून घेते. दोन्ही डोळ्यांना वजा सव्वाचा चष्मा आहे. मध्यंतरी डाव्या डोळ्याला रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली होती, तीही नेमाने लावली. आता डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. कागदावर "३० दूर, २५ जवळ" असं लिहिलंय, त्याचा अर्थ आम्हाला लागत नाही.

घरात प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणतात तिरळा डोळा लक्ष्मीचा, त्याला हात लावू नका. ह्यांना वाटतं ऑपरेशन केलं की चष्माही जाईल. शेजारच्या ताई सांगतात, डोळा बाहेर काढून पुन्हा बसवतात. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. आणि एकीने सांगितलं की तिच्या पुतण्याचं ऑपरेशन झालं आणि दोन वर्षांत डोळा पुन्हा जसाच्या तसा.

वर्गातली मुलं "चकणी" म्हणतात. गॅदरिंगच्या फोटोत सगळ्या मुली समोर बघतायत आणि माझी एकटी खाली बघतेय. तो फोटो बघितला आणि वाटलं, करूनच टाकावं. पण सहा वर्षांच्या लेकराला पूर्ण भूल द्यायची म्हटलं की हातपाय गळतात. करावं की थांबावं?

त्र्यंबकरोडवाला

ताई, घाई करू नका. माझ्या भाच्याला पेन्सिल नाकाजवळ आणायचा व्यायाम दिला होता, सहा महिन्यांत वाचताना होणारी डोकेदुखी गेली. तुम्हीही आधी व्यायाम करून बघा. ऑपरेशन कुठे पळून जातंय?

निवृत्त ऑर्थोप्टिस्ट, गंगापूर रोड

ताई, मी ऑर्थोप्टिस्ट म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. डोळे किती तिरळे आहेत आणि दोन्ही डोळे मिळून एकत्र बघतात की नाही, हे तपासून मोजणं हेच माझं काम होतं. ऑपरेशन सर्जन करतात, पण स्नायू किती मिलिमीटर सरकवायचा हे ज्या आकड्यावरून ठरतं, तो आकडा आम्ही काढून द्यायचो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शेजारणीचं बोलणं मनातून काढून टाका. डोळा बाहेर काढत नाहीत, तो खोबणीतच असतो. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू चिकटलेले असतात. बैलाला जसे दोन बाजूंनी कासरे, तसं समजा: एक कासरा जास्त ओढला गेला की मान तिकडे वळते. बुबुळाच्या शेजारी पांढऱ्या भागावर जो पारदर्शक पातळ पापुद्रा असतो, त्याला छोटीशी चीर देतात, स्नायू उचलतात, त्याच्या चिकटण्याच्या जागेपासून सोडवतात आणि थोडा मागे नेऊन बारीक, विरघळणाऱ्या टाक्याने पुन्हा शिवतात. म्हणजे त्याची ओढ कमी झाली. समोरच्या स्नायूची ओढ वाढवायची असेल तर त्याचा तुकडा कमी करून तो पहिल्याच जागी शिवतात. डोळ्याच्या आत, भिंग किंवा पडद्यापर्यंत, हत्यार जात नाही. आणि हे काही कालपरवाचं तंत्र नाही. पहिलं यशस्वी ऑपरेशन १८३९ मध्ये बर्लिनमध्ये डीफेनबाख नावाच्या सर्जनांनी केलं, तेही सात वर्षांच्या मुलावर. तेव्हा भूलसुद्धा नव्हती. आज तुमची लेक झोपेत असेल, तिला काही कळणार नाही.

आता कागदावरचा आकडा. तो प्रिझम डायॉप्टरमध्ये असतो. डोळ्यापुढे त्रिकोणी काचा धरतात आणि एकेक डोळा आलटूनपालटून झाकतात. डोळ्याची हालचाल ज्या काचेला थांबते, तेवढा तिरळेपणा. दूरचं बघताना ३०, जवळचं बघताना २५. प्रचलित तक्त्याप्रमाणे ३० साठी दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू साधारण ७-७ मिलिमीटर मागे नेतात, किंवा एकाच डोळ्यावर बाहेरचा मागे आणि आतला आखूड असं करतात. ह्या वयात अख्खा डोळाच बावीस-तेवीस मिलिमीटरचा. तेव्हा एकेका मिलिमीटरला किती किंमत आहे बघा! म्हणून माझा आग्रह, आणि नोकरीत असताना सर्जनांशीही मी ह्यावरून भांडले आहे, की माप एकदा घेऊन भागत नाही. वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा घ्यावं आणि दोन्ही वेळा जुळावं. मधूनच बाहेर जाणारा डोळा तपासणीच्या खोलीत फार फसवतो. मूल सावध असतं, जोर लावून डोळा धरून ठेवतं. अशा मुलांना आम्ही तासभर एका डोळ्यावर पट्टी बांधून बसवायचो आणि मग खिडकीशी नेऊन पांडवलेण्याचा डोंगर बघायला लावायचो. "वर कुणी माणूस दिसतोय का बघ" म्हटलं की मूल खरोखर शोधायला लागतं, आणि खोलीत २५ भरलेला डोळा तिथे ३५ भरतो. हे माप तुमच्या लेकीचं घेतलंय का, एवढं जरूर विचारा.

पुतण्याचा डोळा परत गेला, हे खरं असू शकतं. बाहेर जाणारा डोळा ऑपरेशननंतर काही वर्षांत थोडा परत सरकणं हे नवल नाही. अमेरिकेत लहान मुलांच्या डोळ्यांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या गटाने नेमक्या तुमच्या लेकीच्या प्रकारावर, ३ ते १० वर्षांच्या मुलांमध्ये, वर सांगितलेल्या दोन्ही पद्धतींची तुलना केली होती. २०१९ मध्ये निकाल आला. तीन वर्षांच्या काळात, दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू मागे नेलेल्या मुलांत ४६ टक्के आणि एकाच डोळ्यावर काम केलेल्या मुलांत ३७ टक्के मुलांचा निकाल मनासारखा राहिला नव्हता. दोन्हींतला फरक निर्णायक धरण्याइतका नव्हता. आकडा ऐकून घाबरू नका. "मनासारखा नाही" याची त्यांची व्याख्या कडक होती. १० प्रिझम किंवा जास्त तिरळेपणा उरला किंवा परत आला, डोळा कायम थोडा आत राहिला, किंवा खोली, म्हणजे वस्तू किती पुढे-मागे आहे, हे कळण्याची शक्ती बरीच घटली, तर तो निकाल अपुरा धरला होता. त्यातल्या बऱ्याच मुलांचे डोळे घरच्यांना सरळच दिसत असतील. पण "एकदा केलं की जन्माची चिंता मिटली" असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. काहींना दुसरं ऑपरेशन लागतं, आणि दुसरं लागलं म्हणजे पहिलं वाया गेलं असं होत नाही.

चष्म्याचं म्हणाल तर तो जाणार नाही. नंबर डोळ्याच्या आकारामुळे असतो, स्नायू सरकवून तो उतरत नाही. उलट ऑपरेशननंतर चष्मा नीट लावला तरच दोन्ही डोळ्यांना सारखं स्पष्ट दिसेल आणि मेंदू त्यांना एकत्र ठेवील. पट्टीचंही तसंच. पट्टी आळशी, म्हणजे नजर कमी राहिलेल्या, डोळ्याची नजर वाढवण्यासाठी. ऑपरेशनने नजर वाढत नाही. हे घरात सगळ्यांना बसवून सांगा, कारण ह्याच गैरसमजापायी मुलं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

पेठ तालुक्यातली एक मुलगी माझ्या कायम लक्षात आहे. लग्नाचं बघत होते म्हणून आणली होती. डावा डोळा पार बाहेर. चांगला डोळा झाकला तर समोरच्या तक्त्यावरचं फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचता येई. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक होता, लहानपणी चष्मा नाही, पट्टी नाही, डोळा शिकलाच नाही. ऑपरेशन झालं, डोळा सरळ झाला, आई देवाला नारळ फोडून आली. पोरीने मला हळूच विचारलं, "म्याडम, आता ह्या डोळ्यानं शिवणयंत्राची सुई दिसंल ना?" तिला कुणीच सांगितलं नव्हतं की दिसणार नाही. आणि ज्या डोळ्याला नीट दिसत नाही तो सरळ केला तरी काही वर्षांत पुन्हा भरकटण्याची शक्यता जास्त, कारण त्याला जागेवर धरून ठेवणारं काही नसतं. तुमची लेक ह्या बाबतीत भाग्यवान आहे. तिचा डोळा मधूनच जातो, म्हणजे उरलेल्या वेळात दोन्ही डोळे मिळून बघतायत.

ते किती मिळून बघतायत हे मोजायला माशीच्या चित्राची चाचणी असते. वहीएवढ्या जाड पानावर मोठ्ठी माशी, आणि मुलाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर माशीचे पंख पानातून वर आलेले दिसतात. "पंख पकड" म्हटलं की मूल पानाच्या दोन-तीन बोटं वर, हवेतच चिमटी करतं. काही मुलं दचकून हात मागे घेतात. आणि ज्याला खोली दिसत नाही ते मूल कागदावर बोट टेकवून तुमच्या तोंडाकडे बघत राहतं. करावं की थांबावं ह्याचं खरं उत्तर ह्या चिमटीत आहे. गेल्या दोन-तीन तपासण्यांत ही शक्ती टिकून असेल, डोळा दिवसातून क्वचितच जात असेल आणि चटकन परत येत असेल, तर थांबून लक्ष ठेवणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. त्याच संशोधकांनी काही मुलांना उपचार न देता तीन वर्षं नुसतं तपासणीखाली ठेवलं, त्यात साधारण १५ टक्के मुलांचंच बिघडलं. पण डोळा दिवसाचा बराच वेळ बाहेर राहायला लागला असेल, हाक मारूनही परत यायला वेळ लागत असेल किंवा माशीच्या चाचणीत मागे पडत असेल, तर वाट बघण्यात तोटा आहे. चिडवण्यालाही मी किरकोळ मानत नाही. फोटोत मान खाली घालून उभं राहणारं मूल मला तपासणीच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते विचारात घेतलं असेल तर बरोबर केलंय.

त्र्यंबकरोडवाल्या दादांना: तुमच्या भाच्याचा त्रास वेगळा होता. जवळ बघताना डोळे पुरेसे आत वळत नसतील तर तो व्यायाम खरंच उपयोगी पडतो. ३० प्रिझमचा डोळा पेन्सिलने सरळ होत नाही.

भुलेबद्दल: स्नायू ओढला की हृदयाचे ठोके मंदावू शकतात, हे ह्या ऑपरेशनचं वैशिष्ट्य आहे आणि भूलतज्ज्ञांना ते पाठ असतं. मॉनिटर समोर असतो, ओढ सोडली की ठोके बहुतेक वेळा लगेच पूर्ववत होतात, गरज पडली तर औषध तयार असतं. लहान मुलांना रोज भूल देणारा भूलतज्ज्ञ आहे का, हा प्रश्न विचारायला मुळीच संकोच करू नका. नंतर उलट्या होण्याचं प्रमाणही ह्या ऑपरेशनात जास्त, त्यावर आधीच औषध देतात. जंतुसंसर्ग, स्नायू टाक्यातून निसटणं, सुई खोल जाणं हे धोके आहेत, पण विरळा.

आणि एक, जे सांगितलं नाही तर आया रडत फोन करतात. बाहेर जाणाऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनात सर्जन बऱ्याचदा मुद्दाम थोडं जास्त करतात, पुढे डोळा बाहेर सरकणार हे धरून. त्यामुळे पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, डोळा किंचित आत दिसेल आणि लेक म्हणेल "आई, दोन दोन दिसतंय". ते बहुतेक वेळा आपोआप जातं. आठवड्यांमागून आठवडे टिकलं तर मात्र दाखवा. डोळा लालभडक दिसेल, ती लाली ओसरायला दोन-तीन आठवडे सहज लागतात.

अंबडचा ऑपरेटर

वरच्या काकूंचं वाचून मीही लिहितो. माझा डावा डोळा लहानपणापासून आत होता. घरी कुणी लक्ष दिलं नाही, वडील म्हणायचे मोठेपणी होईल सरळ. सीएनसी मशीनवर काम करतो. चाळिशी जवळ आल्यावर ऑपरेशन केलं.

मोठ्यांच्यात भीती वेगळी असते: डोळा सरळ केल्यावर दोन दिसतील का? म्हणून आधी डोळ्यासमोर काच धरून, डोळा सरळ झाल्यावर कसं दिसेल ते दाखवलं होतं. ऑपरेशननंतर टाक्याची गाठ कच्ची ठेवली होती, शुद्धीवर आल्यावर डोळ्यात सुन्न करणारे थेंब टाकून मला समोर बघायला लावलं आणि मग पक्की केली. मुलांना हे जमत नाही, त्यांना सगळं एकाच वेळी. काही आठवडे मशीनवरचे आकडे जोडीने दिसायचे, नंतर गेलं.

नजर वाढली नाही, काकू म्हणतात तसंच. पण एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती: डाव्या बाजूचं जास्त दिसायला लागलं. डोळा आत वळलेला असताना त्याची नजरही आतच असायची, त्या बाजूचं कडेचं सुटायचं. आता गरवारे चौकात डावीकडून रिक्षा घुसली तर मान न वळवता कळतं.

राग एकाच गोष्टीचा आहे. मेडिक्लेमवाल्यांनी "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया" म्हणून दावा फेटाळला. तिरळेपणा हा आजार आहे, त्यावरचा इलाज म्हणजे नटणं नव्हे. ताई, तुम्ही आधी डॉक्टरांकडून निदान, प्रिझमचं माप आणि दोन्ही डोळ्यांची एकत्र नजर धोक्यात असल्याचं लेखी घ्या आणि पूर्वमंजुरीला तेच जोडा. सरकारी योजनेतून करणार असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन आधीच भेटा.

सिन्नरची मावशी

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या भाचीचं बाळ आठ महिन्यांचं आहे, दोन्ही डोळे नाकाकडे. सगळे म्हणतात बाळांचं असंच असतं, नाकाचं हाड वर आलं की ठीक होईल.

निवृत्त ऑर्थोप्टिस्ट, गंगापूर रोड

मावशी, ह्याच आठवड्यात दाखवा. पहिले तीन-चार महिने डोळे भिरभिरले तर चालतं, आठ महिन्यांना नाही. कधी नाकाच्या मुळाशी कातडीची घडी रुंद असते आणि डोळे नुसते आत असल्याचा भास होतो, तसं असलं तर आनंदच आहे. पण ते टॉर्च टाकून डॉक्टरांनी ठरवायचं, घरात बसून नाही. खरा तिरळेपणा असेल तर अशा बाळांचं ऑपरेशन दोन वर्षांच्या आत झालं की दोन्ही डोळ्यांनी मिळून बघण्याची शक्यता वाढते. काही मुलांना प्लसचा मोठा नंबर असतो आणि नुसत्या चष्म्याने डोळे सरळ होतात, त्यांना कात्री लावायची गरजच नसते. म्हणून औषध घालून, बाहुली मोठी करून नंबर आणि आतला पडदा तपासल्याशिवाय परत येऊ नका. मोबाईलच्या फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल तर आठवडाही थांबू नका. मोतीबिंदू किंवा पडद्याची गाठ सुरुवातीला तिरळेपणा म्हणूनच दिसू शकते.

पवननगरची आई

काकू, तुमचं सगळं ह्यांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. डोळा बाहेर काढत नाहीत हे ऐकून सासूबाई बऱ्याच शांत झाल्या. काल डॉक्टरांकडे जाऊन विचारलं. माशीच्या चाचणीत मागच्या वेळेपेक्षा कमी आलंय म्हणूनच ते ऑपरेशन म्हणतायत. खिडकीतून दूरचं माप अजून घेतलेलं नाही, पुढच्या मंगळवारी घेणार आहेत, आणि तुम्ही म्हणालात तसं तासभर पट्टी बांधून. आता आम्ही करायचं ठरवलंय.

एकच अडचण. दिलेली तारीख रंगपंचमीच्या चार दिवस आधी येते. जुन्या नाशकात आमच्या माहेरच्या घराजवळच रहाड (रंगाच्या पाण्याचा मोठा हौद) उघडते, सगळी भावंडं तिथे असतात. तिला घरात कोंडून ठेवणं जमेल का?

निवृत्त ऑर्थोप्टिस्ट, गंगापूर रोड

नाही जमणार, आणि तो धोका घेऊही नका. टाके ओले असताना रहाडीचं पाणी किंवा कोरडा रंग डोळ्यात गेला तर जंतुसंसर्ग व्हायला वेळ लागत नाही. निदान तीन आठवडे रंग, पोहणं, धूळ, डोळे चोळणं काही नको. मधूनच जाणाऱ्या डोळ्यात पंधरा दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. रंगपंचमीनंतरची तारीख मागून घ्या, लेकीला भावंडांबरोबर मनसोक्त खेळू द्या. परीक्षेचं वेळापत्रकही त्याच वेळी बघा. घरी आल्यावर आठवडाभर शाळा नको, टीव्ही बघितला तर चालेल.

तारखेच्या आदल्या आठवड्यात तिला सर्दी, खोकला किंवा ताप आला तर लपवू नका, लगेच कळवा. भूल पुढे ढकलतात आणि तेच योग्य. सकाळचं ऑपरेशन असेल तर सहा तास आधीपासून दूध-बिस्कीटही नाही. साधं पाणी किती वाजेपर्यंत द्यायचं ते भूलतज्ज्ञांकडून घड्याळाची वेळ लिहून घ्या. आणि चष्मा बरोबर न्या, पट्टी सुटली की तो लगेच लागेल.